रोज बसनं न्यायचा छोटा लॅपटॉप: जे नंतर बदलत नाही ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जांबोटी भागातल्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या एक बाई रोज बेळगावहून बसनं जाऊन-येऊन करतात. प्रश्नपत्रिका आणि टाचणं मराठीत, वर पाठवायचे तक्ते कन्नडमध्ये, मुलांची माहिती एसएटीएसवर, म्हणजे कर्नाटक शिक्षण खात्याच्या विद्यार्थी नोंदीच्या वेबसाइटवर. टायपिंग इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या सरकारी कीबोर्ड मांडणीत, शिकलेल्या. खांदा दुखतो म्हणून लहान लॅपटॉप हवा, बजेट वीस हजार. दुकानदारानं दोन दाखवले: एक नवा कोरा ११.६ इंची, सेलेरॉन एन४०२०, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. दुसरा एका कंपनीच्या ऑफिसातून आलेला वापरलेला १२.५ इंची, आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी (वेगवान स्टोरेज). दुसरा तीन-चार हजारांनी महाग. यजमान म्हणतात सरळ १५ इंची घे, भाचा म्हणतो टॅब घे. आणि कपाटात २०१० सालचं एक नेटबुक, म्हणजे तेव्हाचा स्वस्त बारका लॅपटॉप, पडून आहे, त्याचं काही होईल का?

बाई, आधी निकाल सांगून टाकतो: वापरलेला बारा इंची घ्या. पण पैसे देण्याआधी दुकानात उभं राहून वीस मिनिटं घालवा, आणि खाली सांगतो त्यातली मोठी गोष्ट एक जरी बिनसली तरी पर्स बंद करून घरी या.

या बारक्या यंत्रांचा आणि माझा संबंध सुरुवातीपासूनचा. २००७ मध्ये आसूसचा ई पीसी ७०१ आला. सात इंची स्क्रीन, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी स्टोरेज, वजन किलोच्या आत. पुढच्याच वर्षी इंटेलनं ॲटम प्रोसेसर काढला आणि जो तो नेटबुक विकायला लागला. मीही हौसेनं विकले. विमा एजंट, पतसंस्थेचे पिग्मीवाले, उद्यमबागेतले सुटे भाग पुरवणारे, सगळ्यांना सांगायचो की डायरीएवढं आहे, पिशवीत टाका आणि चला. काही महिन्यांतच त्यातले बरेच परत माझ्या टेबलावर आले. तक्रार एकच, "हे लै हळू चालायलंय हो." यंत्र बिघडलेलं नसायचंच. एक जीबी रॅममध्ये त्याचा जीव तेवढाच होता. स्क्रीन उंचीला ६०० ठिपक्यांची, त्यामुळं कितीतरी खिडक्यांचं 'ओके' बटण स्क्रीनच्या खाली जायचं. एका गिऱ्हाइकानं वर्षभर नुसतं एंटर दाबून काम चालवलं होतं. ओके नावाचं बटण असतं हे त्याला माझ्या टेबलावर कळलं.

पुढं २०१० मध्ये आयपॅड आला, फोनच्या स्क्रीन वाढल्या, आणि २०१२ संपता संपता नेटबुक हे नाव बाजारातून गेलं. घराणं मात्र चालूच आहे. तुम्हाला दाखवलेला अकरा इंची त्याच घरातला. तेव्हा हात पोळल्यापासून मी एकच गोष्ट पाळतो: जे नंतर बदलता येतं त्याकडं नंतर बघायचं, जे बोर्डावर डाग देऊन बसवलंय ते आधी. बॅटरी बदलते, चार्जर बदलतो, एसएसडी एका स्क्रूवर बदलते. स्वस्त अकरा इंचीत रॅम बोर्डावर डागलेली असते आणि स्टोरेजही. कीबोर्डचं माप आणि स्क्रीनचा दर्जा तर कुणाच्याच हातात नाही.

त्या ६४ जीबीचा हिशेब करून बघा. डब्यावर ६४ लिहिलंय, विंडोजमध्ये ते साठच्या आतच दिसतं. विंडोज ११ स्वतःच त्यातले पंचवीस-तीस घेऊन बसतं. मोठा अपडेट आला की त्याला दहा-वीस जीबी मोकळी जागा लागते. राहिलं काय? वर्षभरानं अशी यंत्रं माझ्याकडं येतात ती 'अपडेट होईना' म्हणून. आत बघावं तर व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो आणि शाळेच्या पीडीएफ, बाकी काही नाही.

हे स्टोरेज ईएमएमसी प्रकारचं असतं, आणि त्याची खोड समजून घ्या. ते एका वेळी एकतर वाचतं नाहीतर लिहितं. एकेरी पुलासारखं आहे, पलीकडची बस येईपर्यंत अलीकडच्यानं थांबायचं. चार जीबी रॅममधली निम्म्याहून जास्त विंडोजच खातं. ब्राउझरमध्ये एसएटीएस, एक पीडीएफ आणि शेजारी वर्ड उघडलं की रॅम भरते, मग विंडोज उरलेलं सामान स्टोरेजवर उतरवायला लागतं, आणि तो एकेरी पूल तुंबतो. तुम्हाला दिसतं ते गोल फिरणारं चक्र. प्रोसेसरला शिव्या बसतात, पण खरा गुन्हेगार रॅम आणि ईएमएमसीची ही जोडी. (एन४०२० सुद्धा काही पैलवान नाही. दोनच कोअर, २०१९ च्या अखेरचा.) आणि रोज असं उतरवून-चढवून ती चिप झिजते. ती गेली की बोर्ड गेला, म्हणजे लॅपटॉपच गेला.

याच मापात नवंच हवं असेल तर एन१०० प्रोसेसरचा, ८ जीबी रॅमचा आणि ईएमएमसी नसून एसएसडी असलेला मिळतो का बघा. एन१०० हा २०२३ चा, चार कोअरचा, आणि वीज तितकीच कमी खातो. तुमच्या बजेटात एखादा ऑफरमध्ये सापडला तर मी माझा निकाल फिरवायला तयार आहे. दुकानात खात्री करायची तर टास्क मॅनेजर उघडायला लावा, त्यात मेमरीच्या पानावर रॅम किती आणि किती स्लॉट भरलेत ते दिसतं. स्टोरेज कोणतं ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये. दुकानदार "सगळं एसएसडीच असतंय बाई" म्हणाला तर त्याला राग येऊ न देता तेवढं उघडून दाखवायला सांगा.

आता कीबोर्ड. लॅपटॉपची इंग्रजीतली परीक्षणं वाचून तुम्हाला हे कधी कळणार नाही, कारण लिहिणाऱ्याला ती अडचणच नसते. इनस्क्रिप्टमध्ये च, ट आणि ड कुठं आहेत आठवा. च सेमीकोलनवर, ट त्याच्या शेजारच्या अवतरणचिन्हावर, ड वरच्या चौकटी कंसावर. य तर खाली तिरप्या रेघेच्या बटणावर, उजव्या शिफ्टला चिकटून. इंग्रजी लिहिणाऱ्याचं बोट तिथं कधीमधी जातं, आपलं प्रत्येक ओळीत जातं. नुसतं 'च्या' लिहायचं तर दोनदा काठावर जाऊन यावं लागतं. आणि कंपन्या कीबोर्ड लहान करताना मधली अक्षरं जवळपास पूर्ण मापाची ठेवून काठावरची बटणं चेपतात. चेपली जातात ती नेमकी आपली.

दुसरी गोष्ट उजवी शिफ्ट. अ-आ-इ-ई पासून ओ-औ पर्यंतचे सुटे स्वर सगळे डाव्या हाताखाली आहेत आणि शिफ्ट धरल्याशिवाय उमटत नाहीत. डाव्या हातानं अक्षर दाबायचं म्हणजे शिफ्ट उजव्या करंगळीनं. त्या पहिल्या ई पीसीत उजवी शिफ्ट वरच्या बाणाच्याही पलीकडं नेऊन ठेवली होती. 'आई' लिहायला जावं तर करंगळी बाणावर पडायची, कर्सर वरच्या ओळीत उडायचा आणि तिथल्या कुठल्यातरी शब्दाला काना चिकटायचा. आजच्या अकरा इंचीत इतका अत्याचार नसतो, पण अर्ध्या मापाची उजवी शिफ्ट अजून दिसते.

म्हणून दुकानात वर्ड किंवा नोटपॅड उघडून मराठी कीबोर्ड लावा आणि न बघता दहा वेळा लिहा: "आईच्या डब्यात चटणी". यात आ, ई, च, य, ड, ट सगळे आलेत. दहात दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर ते यंत्र तुमच्या हाताचं नाही, किंमत कितीही कमी असू दे. बारा इंची ऑफिसवाल्या लॅपटॉपमध्ये साधारण पूर्ण मापाची बटणं बसतात, आणि त्यांच्या कीबोर्डवर कंपन्यांनी खर्चही केलेला असतो. माझ्या निकालातलं निम्मं वजन याच कारणाचं आहे.

कन्नडचंही यातच येतं. कन्नड इनस्क्रिप्टची मांडणी तीच आहे. मराठी क ज्या बटणावर, कन्नड क त्याच बटणावर. ळ दोन्हीकडं शिफ्ट आणि एन. आपले हात कन्नड टायपिंग आधीच शिकलेले असतात, शिकायचं असतं ते डोळ्यांना. फक्त नुडी या कन्नड टायपिंगच्या प्रोग्रामची मांडणी वेगळी आहे, आणि वरून आलेल्या जुन्या फाइली नुडीच्या फाँटमधल्या असतील तर तो फाँट यंत्रात असल्याशिवाय नुसती चिन्हं दिसतात. म्हणजे तुम्हाला नुडी घालता येईल असं यंत्र हवं.

भाच्याचा टॅब इथं बाद होतो. अँड्रॉइडवर चालणारे किंवा जिओबुकसारखे लॅपटॉप, क्रोमबुक, यांवर विंडोजचे प्रोग्राम बसत नाहीत. जिओबुक २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांना आला होता, वजन ९९० ग्रॅम, खांद्याला अगदी सोयीचा. पण नुडी नाही आणि शाळेतल्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर नाही, म्हणजे तुमचं निम्मं काम नाही. नव्या अकरा इंचीतही एक पाचर असते: काही विंडोजच्या 'एस मोड' मध्ये येतात, त्यात फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलेच प्रोग्राम चालतात. त्यातून बाहेर पडणं फुकट आहे, फक्त परत आत जाता येत नाही. कुणी त्यासाठी पाचशे रुपये मागितले तर देऊ नका.

स्क्रीनबद्दल थोडंच. दोन्हीकडं १३६६ बाय ७६८ असू शकते, मराठीला ती कशीबशी पुरते. बारीक अक्षरांत रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, म्हणून आकार सव्वापट करून ठेवा. दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन बघा. स्क्रीन थोडी तिरकी केल्यावर रंग उलटे-काळपट झाले तर ती स्वस्त टीएन जातीची. आयपीएस असेल तर बाजूनंही नीट दिसते. वापरलेल्यात आयपीएस, फुल एचडी मिळाली तर हजार रुपये जास्त द्यायला हरकत नाही.

वजन. यजमानांच्या १५ इंचीचं वजन पावणेदोन किलोच्या आसपास, वर चार्जर, आणि बसच्या सीटवर मांडीवर उघडला तर पुढच्याच्या पाठीला टेकतो. घरी ठेवायचा असता तर मीही तोच म्हणालो असतो. तुमच्यासमोरचे दोन्ही लहान सव्वा किलोच्या आतबाहेर. फरक चार्जरात आहे. ऑफिसच्या लॅपटॉपबरोबर ती जाडजूड तीन पिनांची दोरी आणि वीट येते, तिचंच तीनशे-साडेतीनशे ग्रॅम. पण आठव्या पिढीच्या बऱ्याच बारा इंची यंत्रांत टाइप-सी वरून चार्जिंग होतं. होत असेल तर वीट घरी ठेवा आणि ४५ किंवा ६५ वॅटचा फोनसारखा पीडी चार्जर (टाइप-सी वरून जास्त वीज देणारा) पिशवीत टाका. त्यावर फोनही चार्ज होतो. हे दुकानात लावून बघायची गोष्ट आहे, नुसतं विचारायची नाही.

बॅटरीत नवा जिंकतो, ते मान्य करायला हवं. हिशेब सोपा आहे: बॅटरी किती वॅट-अवरची, भागिले यंत्र किती वॅट खातं. नव्याची साधारण ३८ वॅट-अवर, साध्या कामाला सहा वॅट. म्हणजे सहा तास. वापरलेल्याची नवी असताना समजा ४८ होती, आता सत्तर टक्के उरली तर ३४, आणि तो खातो सात-आठ. म्हणजे साडेचार तास. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट निघतो, दुकानदाराला तो काढायला लावा. त्यात मूळ क्षमता आणि आताची भरती असे दोन आकडे शेजारी-शेजारी असतात. आताची साठ टक्क्यांच्या खाली असेल तर नवी बॅटरी घालून द्यायला सांगा, नाहीतर तेवढे पैसे कमी करा. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात जुलैत एखादं झाड तारेवर पडलं की दिवसभर वीज येत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. एखादी २०,००० एमएएचची, ६५ वॅट पीडीची पॉवर बँक घेतली तर तोटा वजा जाता साठेक वॅट-अवर मिळतात. तुमचा लॅपटॉप एकदा पूर्ण भरून वर उरतात.

आता वापरलेल्याची तपासणी. प्रोसेसरचा आकडा स्वतः वाचा. आय-५ च्या पुढच्या चार आकड्यांतला पहिला ८ हवा. ६ किंवा ७ असेल तर विंडोज ११ ला तो अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बाहेरच्या स्टिकरवर जाऊ नका, स्टिकर दहा रुपयाला मिळतो. मग यंत्र बंद करून, चालू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, नेऊन दाखवायला सांगा. तिथं पासवर्ड मागितला आणि दुकानदाराला तो माहीत नसला तर ते यंत्र कंपनीनं कुलूप लावून टाकून दिलेलं आहे. आज चालेल, उद्या एसएसडी बदलायची वेळ आली की अडेल.

बिजागरी मात्र हातानंच कळते. झाकण एका कोपऱ्याला धरून सावकाश उघडा. कटकट आवाज आला किंवा खालचं प्लास्टिक फुगलं तर आतले बिजागरी धरणारे पितळी नट उपटायला लागलेत. स्वस्त नव्या लॅपटॉपचंही हेच दुखणं, दीड-दोन वर्षांत. ऑफिसच्या यंत्रांत बिजागरी बहुधा धातूत बसवलेली असते, म्हणून ती सात वर्षांचीही घट्ट सापडते.

पंखा ऐका. नव्या अकरा इंचीत बहुधा पंखाच नसतो, आणि धुळीच्या जागी तो मोठा गुण आहे. निपाणीहून येणाऱ्या लॅपटॉपच्या पंख्यात मला तंबाखूची भुकटी सापडते, उद्यमबागेतल्यांत फाउंड्रीची काळी पूड. तुमच्या शाळेत खडूची असेल. वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या. फळ्याच्या खालच्या टेबलावर तेवढा ठेवू नका.

वॉरंटीचं आपल्या भागात एक वेगळं गणित आहे. कोल्हापुरात हजारानं स्वस्त मिळतोय म्हणून लोक जातात. नव्या यंत्राची कंपनीची वॉरंटी देशभर चालते, तिथून घेतला तरी बेळगावात दाखवता येतो. वापरलेल्याची वॉरंटी ही फक्त त्या दुकानाची असते. चार्जिंगचा पोर्ट ढिला झाला म्हणून शंभरावर किलोमीटर जाऊन, ठेवून, परत आणायला जायचं, यात हजार रुपये कुठं गेले कळत नाही. वापरलेला गावातच घ्या, जीएसटीच्या बिलावर घ्या, आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. "बिल कशाला बाई, मी हायच की इथं" म्हणणारा दुकानदार माणूस चांगला असू शकतो, पण बिल घ्याच.

नवा अकरा इंची मी कुणाला सुचवतो? ज्याचं सगळं काम ब्राउझरात एका वेळी एका पानावर होतं, फायली ऑनलाइन राहतात, आणि जो तीन वर्षांत तो फेकायला तयार आहे त्याला. तुमच्यात यातलं एकही बसत नाही.

राहिलं कपाटातलं नेटबुक. २०१० चं म्हणजे बहुधा ॲटम एन४५० आणि एक जीबी रॅम. रॅम फार तर दोन जीबी होईल. विंडोजऐवजी हलकं लिनक्स घातलं तर ते टाइपरायटर म्हणून चालेल, पण आजची वेबसाइट त्यावर उघडायला जाऊ नका. त्यावर पैसे घालू नका, बॅटरीवर तर मुळीच नाही. फक्त ते टाकण्याआधी आतली हार्ड डिस्क काढून माझ्यासारख्या कुणाकडून यूएसबीला जोडून बघा. तुम्ही लिहिलंय की जुन्या शाळेतल्या प्रश्नपत्रिका त्यात होत्या. कपाटात कोरड्या जागी पडून राहिलेल्या डिस्क बऱ्याचदा चालतात. फाइली जुन्या मराठी फाँटमधल्या असल्या तर त्या युनिकोडमध्ये, म्हणजे आज कुठल्याही यंत्रावर दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्याव्या लागतील, म्हणून डिस्कबरोबर त्या यंत्रातला फाँटचा फोल्डरही उतरवून घ्या.